न वाजणारा व्हॉल्व्ह

मिस्त्री इंजिनाचं दुखणं नुसत्या कानाने ओळखतात, असं गिऱ्हाइकं चारचौघांत सांगायची. मिस्त्री वरवर "काहीतरीच काय" म्हणायचे आणि आतून सुखावायचे. बासष्टीला आले होते. बायको जाऊन सात वर्षं झालेली, मुलगा परदेशी. गॅरेजच्या वर तीन खोल्यांत एकटेच राहायचे. शेजारच्या गाळ्यात त्यांच्या धाकट्या बहिणीचं स्पेअर पार्टचं दुकान होतं. सत्तावन्न वर्षांची झाली, चष्मा नाकावर आला, तरी तिचं 'छकी' हे नाव काही सुटलं नव्हतं. गेलं वर्षभर ती मिस्त्रींशी कामापुरतंच बोलायची. नवरा गेल्यापासून स्वभाव फिरला, अशी मिस्त्रींनी समजूत करून घेतली होती.

त्या दिवशी सकाळी एक निवृत्त शिक्षिका आपली जुनी गाडी घेऊन आल्या. गाडीखाली ऑइलचे डाग पडत होते. दुसऱ्या एका गॅरेजवाल्याने इंजिन खोलावं लागेल असं सांगून त्यांची झोप उडवली होती.

मिस्त्रींनी चालू इंजिनावरचं ऑइलचं झाकण उघडलं. भसकन धूर बाहेर आला.

"कोंडमारा झालाय, बाई," ते म्हणाले. "पिस्टनच्या कडेने थोडा जळका वायू नेहमीच खाली निसटतो, ऑइल असतं तिथे. तो बाहेर काढला नाही तर आत दाब वाढतो आणि सापडेल त्या फटीतून ऑइल बाहेर ढकलतो. म्हणून हा व्हॉल्व्ह असतो. ह्याच्या वाटेने इंजिन तो वायू स्वतःच ओढून घेतं आणि पुन्हा जाळून टाकतं."

"मग व्हॉल्व्ह कशाला? नुसता पाइप लावला तर?"

प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक मिस्त्रींना आवडायचं. "नुसत्या पाइपाने भलतंच ओढलं जाईल. ह्याच्या पोटात एक सोंगटी आणि एक स्प्रिंग आहे. गाडी जागेवर घुरघुरत असते तेव्हा इंजिनाची ओढ जबरदस्त असते. सोंगटी ओढली जाते, वाट अरुंद होते. चढावर वायू जास्त होतो, पण ओढ कमी पडते. मग स्प्रिंग सोंगटीला मागे रेटते आणि वाट मोकळी होते."

इंजिन बंद करून त्यांनी अंगठ्याएवढा व्हॉल्व्ह काढला आणि कानाशी धरून हलवला. "चांगला असला की खुळखुळतो. हा मुका झालाय. सोंगटी चिकटली."

छकीकडून नवा मागवला. नवी वस्तू तपासल्याशिवाय लावायची नाही, ही त्यांची जुनी सवय. हलवला, तोही गप्प. दुसरा आणला, तोही तसाच. मिस्त्रींचा पारा चढला. तिन्ही व्हॉल्व्ह मुठीत घेऊन ते तरातरा बहिणीच्या दुकानात गेले.

"छके, कुठला माल भरतेस? एकही वाजत नाही."

छकीने एकेक उचलून हलवला. "हा वाजतोय. हाही वाजतोय. हा तुझा जुना ना? तोही वाजतोय की, दादा."

"सकाळी सकाळी थट्टा नको."

"थट्टा कशाला करू?" तिने पुन्हा हलवून दाखवला. मिस्त्रींना तिचा हात हलताना दिसला, बाकी काही नाही.

बाई मागोमाग येऊन दारात उभ्या होत्या. "मलाही ऐकू येतंय, मिस्त्री," त्या म्हणाल्या आणि त्यांच्या समोर आल्या. "मघाशी किती वेळ लागेल म्हणून मी बॉनेटमागून दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तुम्ही नुसती मान हलवलीत."

मिस्त्रींनी जुना व्हॉल्व्ह पुन्हा कानाशी धरून हलवला.

"न ऐकताच हो म्हणणारी मुलं मी तीस वर्षं पाहिली," बाई हलकेच म्हणाल्या. "खोटारडी नसतात ती. पुन्हा विचारायचा त्यांना संकोच वाटतो."

मिस्त्री स्टुलावर बसले. इंजिनाची घरघर त्यांना अजून स्वच्छ ऐकू येत होती, म्हणून शंकाच आली नव्हती. बारीक आवाज तेवढे कधी निघून गेले होते कोण जाणे. परदेशातल्या नातीचं फोनवरचं बोलणं कळेना, तर ते नेटवर्कला शिव्या घालत बसायचे. घराची बेल बिघडली म्हणून त्यांनी ती दोनदा बदलली होती.

"आधी गाडी बघू," शेवटी ते उठले.

जुना व्हॉल्व्ह त्यांनी पाइपाला जोडला, इंजिन चालू केलं आणि व्हॉल्व्हच्या मोकळ्या तोंडावर अंगठा ठेवला. अंगठा आत ओढला जायला हवा होता. ओढ जाणवेना. व्हॉल्व्ह तर वाजतो म्हणतात, म्हणजे पुढची वाट बुजली होती. पाइप काढून पाहिला, तर आत काळा चिकट गाळ गच्च बसलेला. त्यांनी पाइप बदलला, इंजिनाच्या बाजूचं भोक खरवडून साफ केलं आणि पुन्हा अंगठा ठेवला. ह्या वेळी अंगठा चांगलाच धरला गेला. बाईंनीही हौसेने बोट लावून पाहिलं.

"इंजिन खोलायची गरज नाही. आठवडाभर चालवा, मग डाग पडतात का सांगा," मिस्त्री म्हणाले.

बाई गेल्यावर छकी चहाचे दोन पेले घेऊन आली. बऱ्याच महिन्यांत ती अशी आली नव्हती. टायरवर बसून तिने पेल्यात फुंकर घातली.

"दादा, गेल्या वर्षी मी तुला एक विचारलं होतं. तू गाडीखाली होतास."

"काय विचारलं होतंस?"

"ह्यांना जाऊन चार महिने झाले होते. घर खायला उठायचं. म्हटलं, दादा, मी वर राहायला येऊ का? तू पाना फिरवत राहिलास. मला वाटलं, नको असेल, तोंडावर कसं सांगणार. मग परत काढलंच नाही मी."

मिस्त्रींनी पेला खाली ठेवला. वर्षभर ही पोरगी मनात काय धरून बसली होती, आणि आपण तिच्या स्वभावाला बोल लावत होतो.

"मला ऐकूच आलं नाही गं," ते म्हणाले. "परत विचार."

"आता काय विचारायचं?"

"विचार तरी. अशी समोर बसून विचार."

छकीने चष्मा काढून पदराने पुसला. "येऊ का राहायला?"

"रस्त्याकडची खोली घे. ऊन येतं तिथे."

पुढच्या आठवड्यात छकीच त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. दोन्ही कानांना यंत्रं लागणार होती, ती यायला तीन आठवडे होते. तेवढं थांबायला दोघंही तयार नव्हती. रविवारी सामान हललं. छकीचं कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं. खालून मिस्त्री घामाघूम होऊन रेटत होते, वरून छकी काहीतरी सांगत होती. शेवटी ती कपाटाच्या बाजूने अंग चोरून खाली उतरली आणि त्यांच्या तोंडासमोर उभी राहिली.

"दारं काढ म्हणतेय आधी."

"मग तसं सांगायचं नाही का?"

"तीनदा सांगितलं."

मिस्त्री स्क्रू ड्रायव्हर आणायला खाली गेले.