दर्भाचा सावळीराम

एकाहत्तरच्या लढाईत शिपाई सावळीराम पाकिस्तानच्या हाती सापडला. इतर कैदी सुटून आले, हा आलाच नाही. त्याच्या बायकोनं, बायडाबाईनं, बारा वर्षं कुंकू लावून वाट पाहिली. मग सिन्नरची भावकी हात धुऊन तिच्या मागे लागली. बारा वर्षं बेपत्ता असलेला माणूस मेलाच समजायचा, असं शास्त्र. चुलतसासरे खंडेराव तिला नाशकाला घेऊन गेले. गोदाकाठी दर्भाचा पुतळा सावळीराम म्हणून जाळला, दहावं झालं आणि तिच्या बांगड्या फोडल्या. शास्त्राला काय, गवताचा नवराही चालतो!

पुढच्याच श्रावणात सावळीराम एसटीतून उतरला. उशिरा का होईना, त्याला सोडलं होतं. छातीचा पार भाता झालेला, दात पडलेले, पण तोच. बायडाबाईनं धावत जाऊन कुंकवाची डबी काढली. खंडेराव दारातूनच ओरडले, "सूनबाई, थांब! त्याचं दहावं झालंय. असा माणूस परत आला तर त्याचं बारसं करावं लागतं, पुन्हा लगीन लावावं लागतं. तवर तुला कुंकू नाय."

"मग लावा की लगीन, मामंजी."

"चातुर्मास हाय. तुळशीच्या लग्नानंतर बघू."

डॉक्टरांनी तर दिवाळीचाही भरवसा दिला नव्हता. बायडाबाई मोकळ्या कपाळानं त्याला पेज भरवायची. तुरुंगात मार खाऊन न रडलेला माणूस तिचे रिकामे हात बघून रडायचा.

दसऱ्याच्या आधी कासारीण गल्लीत आली. सावळीरामनं खाटेवरूनच तिला हाक मारली. "हिला हिरव्या भर."

कासारीण घुटमळली.

"भर गं! तिचा नवरा सांगतोय. तिकडं मी रोज मरत होतो, तवा कुणी बारसं नाय केलं माझं."

बांगड्या भरून झाल्यावर त्यानं अंगठ्यानं तिला कुंकू लावलं. अर्धं नाकावर सांडलं. किती वर्षांनी बायडाबाई खळखळून हसली.

दिवाळीच्या तोंडावर तो गेला. अंगणात बायका जमल्या, खंडेरावही आले. एकीनं बांगड्या फोडायला दगड उचलला, तशी बायडाबाईनं हात पदराआड घेतले.

"ह्यांच्या नावाच्या एकदा फोडल्यात, मामंजी. दहावंबी झालंय. तुमचंच शास्त्र ना? ह्या तर ह्यांनी मेल्यावर भरल्यात मला. ह्या नाय फोडू द्यायची मी."

खंडेरावांनी दगड खाली ठेवायची खूण केली. बायकांनी तिला वाट दिली. तिनं त्याच हातांनी सावळीरामच्या तोंडात गोदेचं पाणी घातलं, आणि तेवढ्या शांततेत हिरव्या बांगड्या सगळ्यांना ऐकू आल्या.