अबलखाचं दुखणं

“आईसाब, धन्यांस्नी सांगा, अबलख चालंना झालाय.”

पागेतला दत्तोबा मागच्या दारी उभा राहून हे सांगत होता तेव्हा मुक्ताबाईंच्या समोर बेसनाची कढई होती. बेसन भाजताना माणसाने हात थांबवू नये आणि लक्षही दुसरीकडे देऊ नये. पण अबलखाचं नाव ऐकलं आणि त्यांचा हात थांबला. शनिवार पेठेतल्या त्या घरात घोड्याच्या दुखण्यापेक्षा मोठी बातमी दुसरी नव्हती. बेसन तळाला लागलं ते लागलंच.

निरोप ओसरीवर पोचला. जयसिंगराव लोडाला टेकून पडले होते. गेले महिनाभर ते जेवणाशिवाय कशासाठीही उठले नव्हते. घोडा दाणा खात नाही, दत्तोबाने लगाम धरला तर पाऊल टाकत नाही, एवढं ऐकून ते दोन्ही हात टेकत, धापा टाकत उभे राहिले आणि पागेकडे निघाले. मुक्ताबाई दारातून बघत राहिल्या. पाठमोरा नवरा त्यांना ओळखू येईना, इतका तो सुटला होता.

तीन वर्षांपूर्वी जयसिंगराव कर्नाटकाच्या स्वारीवरून आले ते नुसते हाडांचा सापळा होऊन. शत्रूला नदी ओलांडू न देता उतार दोन दिवस अडवून धरला म्हणून श्रीमंतांनी त्यांना पालखीचा मान दिला. पेठेत साखर वाटली गेली. पण पालखी आली आणि आपल्या माणसाचे पाय गेले, असं मुक्ताबाईंना पुढे जन्मभर वाटत राहिलं. पालखीच्या मानकऱ्याने रस्त्यात पायी दिसायचं नाही. मारुतीचं देऊळ चाळीस पावलांवर, पण तिथेही भोई न्यायचे आणि भोईच आणायचे. घरात मुक्ताबाईंनी चंगच बांधला होता. बारा वर्षं हा माणूस घोड्याच्या पाठीवर कच्चा हुरडा खाऊन जगला आणि आपण इथे चुलीपुढे बसून ऊन ऊन जेवलो, ही खंत त्यांच्या मनातून जात नव्हती. सकाळी लाडू, दुपारी तुपाची धार, संध्याकाळी साय-साखर. खाणाराही नको म्हणत नव्हता.

मग तहान सुरू झाली. घागर पुरेना. दाराच्या खिळ्याने मनगटाजवळ ओरखडा उठला होता, तो चार महिने झाले तरी भरत नव्हता. एके दिवशी मोरीत मुंग्यांची रांग दिसली आणि मुक्ताबाईंनी दिगंबरशास्त्री वैद्यांना बोलावलं. शास्त्रीबुवांनी प्रमेह सांगितला, लघवीतून साखर जाते तो. गोड आणि तूप बंद करायचं, रोज कोसभर पायी चालायचं.

“मी चालू? पालखी रिकामी ठेवून?” जयसिंगरावांनी विचारलं.

“नका चालू,” शास्त्रीबुवा बटवा आवळत म्हणाले. “एकदा चौघांनी उचललं की तसंही कोणाला चालावं लागत नाही.”

त्यांना पुन्हा बोलवायचं नाही असा हुकूम सुटला. जाता जाता शास्त्रीबुवांनी मुक्ताबाईंना बाजूला घेऊन सांगितलं, की असंच चाललं तर पुढच्याच्या पुढची दिवाळी हे बघणार नाहीत. मुक्ताबाईंनी ते ऐकलं आणि भीतीने लाडवात तूप आणखी वाढवलं. जखम भरायची तर अंगात ताकद नको का?

अशा त्या दिवसांत अबलख आजारी पडला.

दुसऱ्या दिवसापासून पहाटेच, रस्त्याला माणूस नसताना, जयसिंगराव अबलखाचा लगाम धरून बाहेर पडू लागले. दत्तोबाचं म्हणणं असं, की जनावर आपल्याबरोबर हलत नाही, धन्याचा हात लागला तरच चालतं, आणि पाठीवर तर मुळीच कोणाला घेत नाही. पहिल्या दिवशी आळीचं टोक गाठून धनी परत आले आणि उंबऱ्यात बसून राहिले. आठव्या दिवशी नदीपर्यंत गेले.

दत्तोबाला या घरात वीस वर्षं झाली होती. राहायला तो कोथरूडला, तिथून रोज अंधारात पायी यायचा. मोतद्दार घोडा सांभाळतो, पण घोड्यावर बसत नाही. स्वारीत धनी पुढे दौडत जायचे आणि दत्तोबा खांद्यावर दाण्याचा तोबरा टाकून मागून पळत यायचा. कर्नाटकात तो पळत गेला होता आणि पळतच आला होता. पन्नाशीला आला तरी अंगावर चिमटीत धरायला मांस नव्हतं. फडक्यात बांधलेली ज्वारीची भाकरी, पालेभाजी आणि कांदा, एवढ्यावर त्याचा दिवस जायचा. लाडू दिला तर घ्यायचा, कपाळाला लावायचा आणि बहिणीच्या घरी नेऊन द्यायचा.

दहाव्या दिवशी नवरा झोपला असताना मुक्ताबाई पागेत गेल्या. आजारी जनावराच्या तोंडावरून हात फिरवावा, एवढंच मनात होतं. आत अबलख मान हलवत तोबऱ्यातली चंदी, म्हणजे हरभऱ्याचा दाणा, कडाकडा फोडत होता. डोळे लखलखीत. दत्तोबा त्याला खरारा करत होता आणि अबलख मजेत टापा आपटत होता. मुक्ताबाईंना बघून दत्तोबाचा हात जागीच थांबला.

“हा आजारी आहे?” त्यांनी विचारलं.

दत्तोबाने खरारा बाजूला ठेवला. म्हणाला, “आईसाब, खोटं बोललो. माराचं तर मारा. पर आदी ऐका. घोडं निस्तं हुबं ऱ्हातं आन चंदी खातं, त्येचं काय हुतं ठावं हाय? आदी खूर तापत्यात, मंग पाय जात्यात. जखम झाली तर भरत न्हाई. पानी पीत ऱ्हातं. चांगली चांगली जनावरं मी अशी मेलेली बघितल्यात. आन सगळी लाडाचीच हुती.”

मुक्ताबाईंनी अबलखाच्या खुरांकडे बघितलं.

“धन्यांस्नी ‘तुमी चाला’ म्हनायची माझी काय टाप? म्हून घोड्यावर घातलं. चालायचं मी बघतो. पर चंदी माझ्या हातात न्हाई, आईसाब.”

मुक्ताबाईंना राग आला. एवढा राग त्यांना नवऱ्याचाही कधी आला नव्हता. तीन वर्षं जीव ओतून रांधलेलं अन्न, आणि हा घोड्याचा नोकर त्याला दाणा म्हणतो, आणि त्या दाण्याने आपण आपल्याच माणसाला मारतोय म्हणून सांगतो. त्या तडक स्वयंपाकघरात आल्या, लाडवांचा डबा उघडला आणि त्याच्यापुढे बसून रडल्या. दत्तोबाचं प्रत्येक अक्षर खरं होतं, हे त्यांना पागेतच कळलं होतं.

दुपारी पान वाढलं. जयसिंगरावांच्या पानात लाडू होता, मुक्ताबाईंच्या पानात भाकरी, ताक आणि तांदुळज्याची भाजी. हे काय, असं त्यांनी विचारलं. अबलखाला उतार पडेपर्यंत आपण गोड आणि तूप सोडलं आहे, देवापुढे तसा नेम केला आहे, असं मुक्ताबाईंनी खाली मान घालून सांगितलं.

जयसिंगरावांनी दोन्ही पानांकडे बघितलं. मग लाडू उचलून त्यांनी वाटीत ठेवला.

“घोडा माझा आणि नेम तुमचा?” ते म्हणाले. “भाकरी वाढा.”

सगळं सरळ झालं असतं, पण पुण्यात शेजारी असतात. श्रावणात एकदा परतायला उजाडलं आणि समोरच्या ओट्यावर गोपाळकृष्णपंत दात घासत बसलेले. त्यांनी चूळ भरली आणि शांतपणे विचारलं, “काय रावसाहेब, भोई रजेवर? का पालखीत आता घोडा बसतो?”

जयसिंगराव घरात आले ते लालबुंद होऊन. उद्यापासून तू ने, नाहीतर विकून टाक, असं दत्तोबाला सांगून ते लोडाला टेकले. दोन दिवस हलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी लाडू मागितला. मुक्ताबाईंचा जीव खालीवर झाला. द्यावा तर दिवाळीचे दिवस मोजायचे, आणि नाही द्यावा तर कारण काय सांगायचं? त्यांनी मागच्या दाराने दत्तोबाला गाठलं.

दत्तोबाने अबलखाला सोडलं आणि भर उजेडात पुढच्या दारासमोर आणून उभं केलं. स्वतः लगाम धरून शेजारी उभा राहिला. येणारे-जाणारे बघू लागले. आतून शिपाई आला, घोडा आत ने म्हणाला. दत्तोबा हलला नाही. ऊन डोक्यावर आलं तरी तो तसाच उभा. शेवटी जयसिंगराव गरजत बाहेर आले.

“धनी,” दत्तोबा एवढंच म्हणाला, “ह्येला लाज कळत न्हाई. ह्येला पाय कळत्यात. तुमी न्हाई आला तर आमी दोगंबी हितंच हुबं ऱ्हातो.”

दाराआड मुक्ताबाईंनी पदर घट्ट धरला होता. चाबकाचा आवाज येईल असं त्यांना वाटलं. पण जयसिंगराव आत आले, त्यांनी पागोटं बांधलं, बाहेर जाऊन लगाम हातात घेतला आणि भर दुपारी पेठेच्या मधोमध चालू लागले. पंत ओट्यावरच होते. त्यांनी तोंड उघडायच्या आत जयसिंगराव थांबून म्हणाले, “घोडा आजारी आहे, पंत. तुम्हीही या फिरायला. तुमचीही चंदी जरा जास्तच होतेय.”

त्या दिवशी ते थेट कोथरूडच्या शिवारापर्यंत गेले. दत्तोबाची बहीण सरुबाई हिने बांधावर भाकरी, ठेचा आणि ताक दिलं. पुढे तो रोजचाच रस्ता झाला. दसऱ्याला मनगटाची जखम कडेने आत आली. कार्तिकात तिथे कोवळी गुलाबी कातडी दिसली. मुक्ताबाई रोज उठून आधी मोरी बघायच्या. एक दिवस तिथे एकही मुंगी नव्हती. त्या तिथेच ओल्या फरशीवर बसल्या आणि त्यांनी देवाच्या आधी दत्तोबाला हात जोडले.

अबलखाचं दुखणं पुढे अकरा वर्षं चाललं. अबलखावर बसून धनी दोन स्वाऱ्या करून आले, दसऱ्याच्या सीमोल्लंघनाला तो सगळ्यांच्या पुढे दौडला, तरी पहाटे तो आजारीच असायचा. घरातला नेमही तसाच राहिला. ज्यांना जयसिंगरावांच्याच वर्षी पालख्या मिळाल्या होत्या, त्यांतल्या एकाची दृष्टी गेली आणि दुसऱ्याचा पाय कापावा लागला. अबलख म्हातारा होऊन मेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे दत्तोबा एक तरणी घोडी घेऊन दारात हजर झाला. “हीबी चालंना, धनी,” म्हणाला. कोणी हसलं नाही. जयसिंगरावांनी लगाम घेतला.

दत्तोबा गेला तो फाल्गुनात. सत्तरी ओलांडली होती. सकाळी गवताचा भारा आणला, भाकरी खाल्ली आणि जरा आडवा होतो म्हणाला, तो उठलाच नाही. कोणाकडे पाण्याचा घोटसुद्धा मागितला नाही. सरुबाईचा निरोप आला तेव्हा जयसिंगराव अंगणात होते. अडुसष्ट वर्षांचे जयसिंगराव कोणालाही हाक न मारता, उघड्या डोक्याने, लांब पावलं टाकत कोथरूडच्या वाटेला लागले. मुक्ताबाई दारात उभ्या राहिल्या. मागून जाऊन त्यांना गाठेल असं घरात कोणी नव्हतं.

दिवस कलला तेव्हा ते परत आले. उंबरा ओलांडण्याआधी स्नान हवं म्हणून मागच्या अंगणात दगडावर बसले. मुक्ताबाईंनी पाणी आणलं. कोणीतरी बोलायला हवं म्हणून त्या म्हणाल्या, “आता सांगायला हरकत नाही. अबलख कधी आजारी नव्हताच.”

“माहीत आहे.”

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून. बारा वर्षं घोड्यावर काढलेल्या माणसाला घोड्याचं दुखणं कळत नाही होय?”

“मग इकडून जाणं का झालं?”

जयसिंगरावांनी पायांवर पाणी घेतलं. “शास्त्रीबुवा म्हणाले, तू आजारी आहेस. मी त्यांना हाकललं. हा म्हणाला, घोडा आजारी आहे. स्वतःच्या अंगावर खोटं घेतलं, माझा मान माझ्यापाशी राहू दिला. त्याला खोटं पाडायला माझी जीभ उचलली नाही. नंतर तर तो बरोबर असला की बरं वाटायचं.” 

त्यांनी बंडी काढली. उजव्या खांद्यावर दोन बोटं रुंद लाल वळ उठला होता आणि मधे कातडी सोलली होती. दत्तोबाच्या घरापासून नदीपर्यंत तिरडीचा बांबू त्यांनी एकदाही दुसऱ्याच्या खांद्यावर दिला नव्हता.

मुक्ताबाईंनी तांब्या भरला आणि तेवढी जागा सोडून बाकी पाठीवर पाणी घातलं.