हेल्गीचा शेवटचा वळसा

मी एक जुना व्हेप पेन आहे. पेन म्हटलं म्हणून वही पुढे करू नका मित्रांनो, माझ्याने एक अक्षर लिहवत नाही. सिगारेट सोडायला निघालेली मोठी माणसं मला तोंडाला लावतात आणि सुगंधी वाफ ओढतात. एक खोड सोडायची म्हणून दुसरी लावून घ्यायची, हा माणसांचा हिशेब मला कधी जुळताना दिसला नाही. पण माझं पोट त्यावरच चाललं, तेव्हा मी जास्त बोलत नाही. तुम्ही मात्र माझ्या वाटेला जाऊ नका. एवढं बजावून ठेवलं की पुढचं मोकळेपणाने सांगता येईल.

माझी अंगकाठी साधी आहे. खाली धातूची नळी, तिच्यात अंगठ्याएवढी जाड बॅटरी, बुडाला फिरवून काढायचं झाकण. वर काचेची छोटी टाकी, तिच्यात वासाचं द्रव. मधे एक बटण आणि त्याभोवती निळा दिवा. टाकी नळीवर आट्यांनी बसते, आणि माझी सगळी कहाणी या आट्यांतच अडकलेली आहे.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईने माझी टाकी पहिल्यांदा बसवली. चिमटीत धरून फिरवली आणि जिथे ती अडली तिथे हात थांबवला. पुढे जोर लावला नाही. ती बाई मला पुन्हा कधी दिसली नाही, पण तो हात मी विसरलो नाही.

तिथून मी आलो थेट कॅनडात, विनिपेग सरोवराच्या काठी. तिथे आइसलँडहून आलेल्या कोळ्यांची नातवंडं-पतवंडं अजून मासे धरतात. हिवाळ्यात सरोवर गोठतं, मग बर्फाला भोकं पाडून खाली जाळी सोडायची आणि बर्फगाडीतून मासळी काठाला आणायची. हेल्गी त्यांतलाच एक. त्याची बायको रूना हिने एक दिवस त्याला सांगितलं होतं, "त्या सिगारेटी तरी सोड, नाहीतर मला तरी सोड." हेल्गीने बराच वेळ विचार केल्याचं नाटक केलं आणि मला घेऊन आला.

रूनाला मी आवडलो. "पडद्यांचा वास गेला बघ," ती शेजारणींना सांगायची. हेल्गी माझ्या टाकीत एकच द्रव भरायचा, वेलदोडा आणि सुकलेल्या आलुबुखाराच्या वासाचं. त्या लोकांचा नाताळचा थरांचा केक अगदी त्याच वासाचा असतो. "बारा महिने नाताळ चाललाय तुझा," असं त्याचा धाकटा भाऊ वाल्डी चिडवायचा. हेल्गी म्हणायचा, "तुझ्यासारख्या माणसाबरोबर गाडीत बसायचं तर कसला तरी आधार नको?"

हेल्गीचा एकच दोष माझ्या अंगाशी आला. या सरोवरावरची माणसं काहीही फिरवून बंद केलं की त्याला वरून आणखी एक वळसा देतात. गाडी बर्फावर इतकी हादरते, की सैल राहिलेलं काहीही सुटून पडतं. इंधनाचं झाकण असो, चहाचा थर्मास असो, दाताखाली ओठ धरून शेवटचा तो वळसा द्यायचाच. हेल्गी मलाही द्यायचा. पाण्याने भिजलेल्या, जाळी ओढून घट्टे पडलेल्या हाताने. मी मनातल्या मनात ओरडायचो, आणि आट्यांत झिरपलेलं गोड द्रव सुकून डिंकासारखं व्हायचं.

आता एक गोष्ट सांगतो, ती हसण्यावारी नेऊ नका. या लोकांत प्रत्येक माणसाच्या पुढे एक सोबतीण चालते असं मानतात. तिला ते फिल्ग्या म्हणतात. माणूस घरी पोचायच्या आधी ती पोचते. हेल्गीची फिल्ग्या बूट आपटायची. पडवीच्या फळ्यांवर बर्फ झटकल्यासारखे दोन्ही बूट धाडधाड वाजायचे. रूना दार उघडून बघायची नाही. ती कॉफी चुलीवर ठेवायची. कॉफी उकळेपर्यंत खरा हेल्गी पडवीत येऊन बूट आपटायचा. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा दिवा लुकलुकला होता. नंतर सवय झाली. एकच मात्र माझ्या ध्यानात राहिलं, की ती नेहमी यायची. तिला जाताना कुणी ऐकलं नव्हतं.

मार्चमधला तो सोमवार होता. सोमवारी त्या गावात धुणं. रूनाने हेल्गीचे सगळे शर्ट पाण्यात टाकले होते. हेल्गीला मला उघडून द्रव तापवणारी तळाची तार बदलायची होती, पण टाकी हलेना. त्याने जोर लावला, मिशीत शिव्या घातल्या. बाहेर वाल्डी भोंगा वाजवत होता.

"अहो महाराज, मासे काय तुमच्या मुहूर्ताला थांबलेत?"

"आलो रे! बोंबलू नकोस," हेल्गी म्हणाला. मग त्याने मला स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं आणि बोटाने टिचकी मारली. "संध्याकाळी बघतो तुझ्याकडे."

दुपार कलली तेव्हा पडवीत बूट वाजले. रूनाने कॉफी ठेवली. ती उकळली, उतू गेली, चुलीवर जळली. दारात कुणी आलं नाही.

सरोवरावर बर्फ पातळ झालेल्या जागी गाडी खाली गेली होती. वाल्डी दारातून बाहेर उडी मारून वाचला. हेल्गी गाडीबरोबर गेला, आणि सरोवराने त्याला परत दिलं नाही.

मित्रांनो, त्यानंतर त्या घरात दोन गोष्टी घडत राहिल्या. दुपार कलली की पडवीत बूट वाजायचे आणि रूना कॉफी ठेवायची. आणि माझा निळा दिवा आपोआप लागायचा, विझायचा, लागायचा. दिव्याचं कारण मला ठाऊक होतं. टाकीतलं द्रव झिरपून बटणाखाली गेलं होतं आणि आतल्या आत बॅटरी चालू-बंद होत होती. हे मी सांगणार कसं? रूना माझ्यासमोर खुर्ची टाकून बसायची आणि दिव्याशी बोलायची. "आज आपल्या लेकीचा, डीसाचा फोन आला होता. वाल्डी काही खात नाही म्हणे. तूच सांग त्याला." दिवा मंदावला की ती मला चार्जरला लावायची. माझं अंग गरम व्हायचं. कधीकधी खिडकीच्या लाकडाला डाग पडेल इतकं. बूट कुणाचे वाजायचे, ते मात्र मलाही ठाऊक नव्हतं.

एप्रिलच्या अखेरीस सरोवराचं बर्फ फुटू लागलं तेव्हा मुलगी डीसा शहरातून आली. तिने मला उचललं आणि लगेच खाली ठेवलं.

"आई, हा तापलाय! घर पेटेल एक दिवस. फेकून दे."

"तुझ्या बापाला फेकू?" रूना म्हणाली.

डीसा हळू आवाजात बोलली. "आई, तो बाबा नाही. बिघडलेली वस्तू आहे."

"त्याचे शर्ट मी धुतले, डीसा. त्याच दिवशी. उशीसुद्धा. घरात त्याचा वास कशालाच नाही. या काचेत आहे तेवढाच. मला एकदा टाकी उघडून हवी. मग काय करायचं ते कर."

दोघींनी आळीपाळीने पिळून पाहिलं. हेल्गीचा वळसा जागचा हलला नाही. तेवढ्यात वाल्डी आला. हेल्गी गेल्यापासून तो या घरी आला की पडवीतच घुटमळायचा, आत येताना भावजयीच्या डोळ्यांत बघायचा नाही. करण्यासारखं काहीतरी सापडल्यावर त्याचा चेहरा जरा उजळला.

"द्या इकडे. बायकांचं काम नाही ते."

"कालपर्यंत लोणच्याच्या बरण्या माझ्याकडून उघडून न्यायचास," रूना म्हणाली.

वाल्डीने खिशातून पक्कड काढली आणि काचेला लावली. काच कुरकुरली. रूना किंचाळली, "काच आहे ती, वाल्डी!" त्याने पक्कड ठेवली आणि गाडीतून जाळ फेकणारा गॅसचा टॉर्च आणला. सरोवरावर काहीही अडलं की हाच उपाय. कुलूप गोठलं, लावा जाळ. बर्फ पोखरायचं गिरमिट अडकलं, लावा जाळ. तिथे सगळं बर्फाने अडतं, म्हणून सगळं जाळाने सुटतं. माझ्या पोटात मात्र बर्फ नव्हतं. बॅटरी होती, आणि ती आधीच तापलेली होती. निळी ज्योत भस्सकन पेटली. तिच्याकडे बघताना मला पाण्याखाली जाणाऱ्या गाडीची आठवण झाली. मी तिथे नव्हतो, तरी झाली.

"काका, बंद करा ते!" डीसाने त्याचा हात ओढला. "आत बॅटरी आहे. तोंडावर फुटेल."

वाल्डीने टॉर्च विझवला. "मला एवढं एक काम तरी करू द्या," तो कुणाकडेच न बघता म्हणाला. "त्याला बाहेर ओढायचं तर जमलं नाही."

रूनाने त्याच्यापुढे खुर्ची सरकवली. "बस. हात धू आधी, मासळीचा वास येतोय."

डीसाने व्हेप विकणाऱ्या दुकानाला फोन लावला. तिकडचा माणूस तोंडात काहीतरी चघळत बोलत होता, पण नीट बोलत होता. "बॅटरी काढलीत का?" हाच त्याचा पहिला प्रश्न. "नाही? मग दुसरं काहीच करू नका. बुडाचं झाकण फिरवा, बॅटरी बाहेर, मग पुढचं बोलू. ती फुगलेली किंवा सोललेली दिसली तर हात लावू नका, सरळ मला फोन करा. आणि हातमोजे घाला, ते द्रव कातडीला लागू देऊ नका. विषारी असतं."

रूनाने माझ्याकडे पाहिलं. दिवा लुकलुकत होता.

"बॅटरी काढली की हा विझेल."

"हो, आई."

"पुन्हा लागेल?"

डीसा खोटं बोलली असती तर मला तिचा राग आला नसता. ती म्हणाली, "नाही. पुन्हा मी लावू देणार नाही."

रूनाने कितीतरी वेळ मला हातात धरून ठेवलं. मग ती दिव्याशी बोलली, घरातला माणूस बाहेर निघताना बोलावं तशी. "दोन्ही नाही मिळायचं, हेल्गी. वास ठेवते." तिने बुडाचं झाकण फिरवलं. बॅटरी तिच्या तळहातावर घसरली, धड होती, नुसतीच गरम. निळा दिवा विझला, आणि मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मी पूर्ण अंधारात गेलो. तरीही ऐकू येत होतं. ते कसं, याचं उत्तर माझ्याजवळ नाही.

डीसाने बॅटरी एका मातीच्या कुंडीत एकटीच ठेवली आणि कुंडी अंगणात नेली. रूनाने भांडी घासायचे रबरी हातमोजे चढवले. आता तिचा कारभार सुरू झाला. जन्मभर तिने मासळीच्या आणि मुरंब्याच्या बरण्या उघडल्या होत्या. मला उभंच धरलं. कोमट पाण्यात पिळलेलं फडकं टाकीखालच्या धातूच्या कड्याभोवती गुंडाळलं आणि थोडा वेळ तसंच राहू दिलं. सुकलेला डिंक मऊ पडू लागला. मग काचेला बोटही न लावता तिने कडं धरलं आणि अगदी केसभर इकडे, केसभर तिकडे हलवलं. जोर नाही. थांबली. पुन्हा फडकं, पुन्हा केसभर.

"किती वेळ लावतेस," वाल्डी पुटपुटला.

"तू मधे बोलशील तेवढा," रूना म्हणाली.

आणि कडं फिरलं. हेल्गीच्या हाताचा तो शेवटचा वळसा, इतके दिवस माझ्या आट्यांत धरून ठेवलेला, एका बारीक 'टक्' आवाजाने सुटला.

वेलदोडा आणि आलुबुखाराचा वास स्वयंपाकघरात पसरला. वाल्डीने तोंड हातांत लपवलं. डीसा आईच्या खांद्याला टेकली. रूनाने डोळे मिटले होते.

तेव्हाच पडवीत बूट वाजले.

दुपार कलली नव्हती. आणि ते आपटत नव्हते. ते चालत होते. दारापासून निघाले, फळ्यांवरून गेले, एकेक करत पायऱ्या उतरले, आणि सरोवराच्या दिशेने वाळूवर मऊ होत संपले. डीसाने मान वर केली. तिनेही ऐकलं होतं.

"कोण होतं, आई?"

रूनाने डोळे उघडले. "कुणी नाही. निघाला." आणि तिने उठून कॉफी ठेवली, या वेळी घरात असलेल्यांपुरती.

ते द्रव आता एका छोट्या बरणीत आहे, फडताळात, उंचावर. माझे आटे रूनाने पुसून लख्ख केले आणि मला खिडकीत ठेवलं. बॅटरी नाही, वाफ नाही, दिवा नाही. मला कुणी ओढत नाही, आणि त्याचं मला दुःखही नाही. कधीकधी दुपार कलताना मी पडवीकडे कान लावतो. फळ्या शांत असतात.

मित्रांनो, कसलंही झाकण लावताना जिथे ते अडेल तिथे हात थांबवा. कारखान्यातल्या त्या बाईने थांबवला होता तसा. आणि अडलंच, तर आधी आतली आग बाहेर काढा, मग हलक्या हाताने सोडवा. कारण बंद करणारा हात आपला असतो, पण उघडताना तोच हात असेल, याची खात्री कुणाला असते?