साडेपाचच्या माश्या

संस्थेच्या तळमजल्यावर जिन्यामागे माश्यांची खोली होती आणि ती गेली एकोणीस वर्षं ताईच्या ताब्यात होती. वरच्या मजल्यावरचे विभागप्रमुख म्हणजे तिचा सख्खा धाकटा भाऊ. हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी बोलत नसे. पहिल्याच दिवशी धाकट्यानं तिला बजावलं होतं, "इथं मला सर म्हणायचं. मीही तुम्हाला बाईच म्हणेन. उगाच गैरसमज नकोत." तिला ते पटलं होतं. त्याचं शिक्षण व्हावं म्हणून तिनं आपलं कॉलेज दुसऱ्या वर्षी सोडलं, त्यानं तिला नोकरी लावून दिली. फिट्टंफाट झाली, असं ती धरून चालली होती.

काम माश्या वाढवण्याचं. वरचे लोक कीटकनाशकं तपासायचे, त्यांना रोज शेकड्यांनी माश्या लागत. ओल्या भुशात दुधाची पावडर कालवायची, त्यात अळ्या पोसायच्या, कोश चाळून पिंजऱ्यात ठेवायचे. तो वास साबणानंही जात नसे. बसमध्ये तिच्या शेजारची जागा सगळ्यात शेवटी भरे.

एका संध्याकाळी सातव्या पिंजऱ्यात तिला अकरा माश्या मेलेल्या दिसल्या. पण त्या तळाला पडलेल्या नव्हत्या. जाळीच्या अगदी वरच्या कडेला, तोंडाची सोंड जाळीला चिकटवून, पंख उभारून बसल्या होत्या. पोटं फुगलेली आणि त्यांवर पांढरे पट्टे. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येकीभोवती पिठासारखं पांढरं कडं पडलं होतं.

त्या दिवशी ती स्टूल घेऊन पिंजऱ्यासमोर बसली. पाचच्या सुमाराला काही माश्यांनी उडणं सोडलं. मग त्या चालत वर चढू लागल्या, वाटेत साखर होती तिच्याकडे न बघता. वर पोचल्यावर सोंड टेकवली, ती तिथंच चिकटली, आणि मग पंख हळूहळू उचलले गेले. सहा वाजेपर्यंत सगळं आटोपलं. ताईनं आजवर लाखो माश्या मरताना पाहिल्या होत्या. अशी वेळ आणि जागा ठरवून मरणारी एकही पाहिली नव्हती. तिला तिथून उठवेना.

तिनं वर जाऊन सांगितलं. सरांनी कागदातून डोकं काढलं नाही.

"बुरशी लागलीय. भुसा नीट निथळून घेत नसाल तुम्ही."

"पण सर, त्या वर चढतात. रोज त्याच वेळेला. कुणीतरी चढवत असल्यासारख्या."

"बाई, माशी मरताना कुठं बसते हा आपला विषय नाही. सगळे पिंजरे ब्लीचनं धुवा. आणि मला हे लेखी नोंदवावं लागेल."

आठवड्यानं तिच्या हातात मेमो पडला. कामात निष्काळजीपणा, माश्यांचा साठा दूषित. तिनं सही केली. पिंजरेही धुतले. मात्र सातव्यातल्या मेलेल्या माश्या तिनं आधीच डब्यात भरून घरी नेल्या होत्या. का, ते तिला सांगता आलं नसतं.

घरी ती आणि आई दोघीच. खिडकीपाशी काचेची बरणी बघून आई म्हणाली, "लोक घरात मासे पाळतात. तू माश्या पाळ."

ही बुरशी बरणीत नुसती ठेवून टिकत नाही, हे ताईला पहिल्या आठवड्यातच कळलं. तिला रोज जिवंत माशी लागते. संध्याकाळी मेलेल्या माश्या काढायच्या, ओलसर कापसाबरोबर झाकणाला लावायच्या आणि खाली ताज्या माश्या सोडायच्या. रात्रीतून वरचं पीठ खाली झडतं, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी त्या चढू लागतात. एक दिवस चुकला की संपलं. ताज्या माश्यांसाठी ती कामावरचे टाकाऊ कोश काडेपेटीतून आणायची. पाच महिने तिनं एक संध्याकाळ चुकवली नाही. एका वहीत ती सगळं लिहायची, कितीला चढली, किती उंच, पंख उभारायला किती मिनिटं. बरणीवर काळं फडकं टाकून पाहिलं, तरी चढायची वेळ तीच. मेलेल्या मादीच्या मागं जिवंत नर लागतात आणि तेही रोग घेऊन येतात, हेही तिनंच टिपलं. ते ऐकून आई म्हणाली, "मेल्यावरही बाईची सुटका नाही म्हणजे."

एका रविवारी धाकटा आईला भेटायला आला. खिडकीकडे त्याचं लक्ष गेलं तेव्हा सव्वापाच झाले होते. तो तासभर बरणीपुढं बसला. चहा निवून गेला.

"ताई, हे तू किती दिवस करतेयस?"

तिनं वही पुढं केली. तो पानं उलटत राहिला आणि कितीतरी वर्षांनी तिच्याकडे लहानपणी बघायचा तसं बघत म्हणाला, "हे फार मोठं आहे गं." त्या एका वाक्यावर ती पुढचे आठ महिने जगली.

वही त्यानं नेली. बुरशीही वर गेली, कॅमेरे लावलेल्या खोलीत. तिथल्या शिकलेल्या लोकांच्या हातून ती दोनदा मेली. दोन्ही वेळा ताईनं घरच्या बरणीतून ती परत दिली आणि नंतर स्वतःच रोज कामानंतर वर जाऊन माश्या बदलू लागली. दोन ठिकाणी निभेना म्हणून घरची बरणी तिनं धुऊन ठेवली.

या बुरशीवरचा लेख छापून आला तो तिला संस्थेच्या ग्रंथपालानं दाखवला. चार नावं होती. तिचं नव्हतं. शेवटी बारीक अक्षरात एक ओळ होती, माश्यांच्या पुरवठ्याबद्दल तळमजल्यावरील कर्मचाऱ्यांचे आभार. आतली वेळांची सगळी कोष्टकं तिच्या वहीतली होती.

ती वर गेली आणि केबिनचं दार लावून घेतलं. "माझं नाव का नाही घातलंस?"

एकोणीस वर्षांत तिनं तिथं त्याला पहिल्यांदा अरेतुरे केलं होतं.

"घातलं असतं तर म्हणाले असते, बहिणीला वर चढवतो."

"आणि मेमो?"

"तो आता फायलीतून काढता येत नाही. शिवाय तुझ्याकडे डिग्री नाही, ताई. समजून घे."

"का नाही, ते तुला माहीत आहे."

"ते आता कशाला," तो म्हणाला, आणि फोन उचलला.

दुसऱ्या दिवशी तिनं सात दिवसांच्या रजेचा अर्ज टाकला. त्यानं न वाचता सही केली. तिच्या जागी रोज वर कोण जाईल, हे कुणी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

रजेत ती घरीच होती. वर काय चाललं असेल ते तिला दिसत होतं. कापूस वाळला असेल, मेलेल्या माश्या कुणी केरात टाकल्या असतील. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं पर्स उचलली, चपला घातल्या, दारापर्यंत गेली. आईनं विचारलं, "कुठं निघालीस?" "कुठं नाही," म्हणून ती परत येऊन बसली. आपण एका माणसावरचा राग त्या बुरशीवर काढतोय, हे तिला कळत होतं.

आठव्या दिवशी सकाळी धाकटा घरी आला.

"सगळं मेलं. घरी बरणी असेल ना?"

"धुतली. कधीच."

तो चिडेल म्हणून ती वाट बघत राहिली. तो खुर्चीत टेकला आणि म्हणाला, "असो. फोटो झालेत, चित्रण आहे. पुढचा प्रकल्प तसाही वेगळाच आहे."

त्याचं काहीच गेलं नव्हतं. गेलं ते तिचं होतं, आणि तेही तिनंच घालवलं होतं.

तो गेल्यावर आई म्हणाली, "धाकटा आहे तुझ्यापेक्षा. पाणी तरी विचारायचंस."

"मी वर्षभर रोज संध्याकाळी काय करत होते, ते तू पाहिलंस ना?"

"पाहिलं. माश्याच होत्या त्या," आई म्हणाली.

पुढच्या महिन्यात आई धाकट्याकडे राहायला गेली. तिथं लिफ्ट होती, आणि सूनही चांगली होती. ताईनं तिची औषधं पिशवीत भरून दिली, वेळा कागदावर लिहून दिल्या. पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. तो कागद हरवला होता, आणि पांढरी गोळी जेवणाआधी की नंतर, हे त्याला हवं होतं.

"नंतर," ती म्हणाली. तो आणखी काही बोलेल म्हणून ती थांबली. पण तेवढ्यात त्यानं फोन ठेवलाही होता.