काट्यांखालचे ऊन

माझे संपूर्ण नाव 'राहीबाई दादाजी मुनेश्वर यांची बॅटरी' असे असून वय सात वर्षे आहे. पाण्याच्या पितळी गुंडावर नाव घालतात, तसे ते राहीबाईंनी माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगाने लिहवून घेतले. या वयात माझ्यासारखीला बहुधा भंगारात काढतात. मी निघाले नाही. का निघाले नाही, हे मी स्वतःच सांगणार. दुसऱ्याच्या तोंडून ते वदवून घेण्याची मला हौस नाही.

एका कारखान्यात शिशाच्या पट्ट्या आणि आम्ल यांच्यापासून माझा जन्म झाला. आदिलाबाद जिल्ह्यातल्या इंद्रवेल्लीपलीकडच्या या गावी मला आणले, ते राहीबाईंच्या दम्यासाठी. सकाळ-संध्याकाळ त्यांना वाफेच्या यंत्राने औषध घ्यावे लागते, आणि आमच्याकडे जरा वारा सुटला की वीज जाते. छतावरचे सौर पॅनेल, म्हणजे गावाच्या भाषेत 'प्लेट', उन्हापासून वीज करी. ती मी साठवून ठेवी. माणसांची एक रीत मी या घरात पाहिली. दिवा लागला तर श्रेय दिव्याला, विझला तर दोष बॅटरीला.

यंदा माकडांनी उच्छाद मांडला. राहीबाईंचे यजमान दादाजी हे अतिशय काळजीवाहू गृहस्थ. त्यांनी बाभळीच्या काटेरी फांद्या आणून प्लेटीभोवती रचल्या आणि उरलेल्या प्लेटीवर पसरल्या. माकडे फिरकेनाशी झाली. ऊनही फिरकेनासे झाले. परंतु खांबावरची वीज माझे पोट भरत होती, म्हणून ते कोणाच्या ध्यानात आले नाही.

मे महिन्यात वादळाने खांब आडवे केले. दुसऱ्या दिवशी सकाळी वाफेचे यंत्र मध्येच बंद पडले. राहीबाई भिंतीला धरून धापा टाकू लागल्या. तोंडात धरून हाताने दाबायच्या औषधी फवाऱ्याने ती वेळ कशीबशी निभावली. निरोप मिळताच त्यांचा मुलगा सुरेंद्र, जो आदिलाबादला कारकून आहे, गाडी घेऊन आला.

"माय, हा डब्बा मेला. भंगारवाला नेईन उचलून. तू चाल आदिलाबादले. तिथं लाइन जात नाही."

"तिथं तिसऱ्या माळ्यावर मी कोणासंग बोलू? तुह्या फ्रिजसंग?"

"अन् इथं दम अडकला तं?"

"अडकू दे. माह्या घरात अडकते न!"

"आवं, पोरगं खोटं नाही बोलून राह्यलं," दादाजी खाली पाहत म्हणाले. राहीबाईंची लुगडी पिशवीत भरली जाऊ लागली.

'मेला' हा शब्द मी ऐकला आणि मला संताप आला. मला जोडलेल्या इन्व्हर्टरची शिटी एवढाच माझा आवाज. मी ती वाजवली. सुरेंद्रने इन्व्हर्टरवर गोधडी टाकली. मी गोधडीखालून वाजवली. दादाजींनी वर उशी ठेवली. मी उशीखालूनही वाजवली. माझे उरलेसुरले बळ त्या शिटीत सरत आहे, हे मला कळत होते. गप्प बसून भंगारात जाण्यापेक्षा ते मला मान्य होते.

शेजारच्या छतावर कौशल्याबाई मिरच्या वाळत घालत होत्या.

"काय किरकिर लावून राह्यले वो तुमी? माहं डोस्कं उठलं!" असे ओरडत त्या कठड्याशी आल्या, आणि आमच्या छताकडे पाहून थबकल्या. "अवो दादाजी भाऊ, प्लेटीवर हे काट्याचं रान काऊन?"

"माकडं येते न बाई," दादाजी अंगणातून म्हणाले.

"मी मिरच्यावर काट्या टाकल्या तं मिरच्या वाळतीन काय? ऊन काय काट्यातून सरपटत जाईन?"

राहीबाई खोकता खोकता हसल्या. "आयकलं का रे सुरेंद्र? डब्बा नाही मेला. तुह्या बानं उपाशी ठेवला त्याले! ठेव ते पिशवी खाली."

सुरेंद्र छतावर चढला. फांद्या ओढताना त्याचे हात ओरबाडले गेले. मला त्याचे दुःख झाले नाही. मे महिन्याचे ते ऊन, ज्याला सारा जिल्हा शिव्या देतो, मी पोटभर प्याले. संध्याकाळी, खांब अजून आडवेच असताना, राहीबाईंनी वाफेचा मुखवटा लावला. यंत्र औषध संपेपर्यंत चालले.

"पुढच्या वर्सी हे खरंच मेलं तं?" सुरेंद्रने विचारले.

"तवा नवी आनजो. गाडी नको आनू."

मी तरुण नाही, आणि पुढच्या उन्हाळ्याचे वचन देणार नाही. मात्र वाचकहो, विनवणे माझ्या स्वभावात नसल्यामुळे बजावून सांगते: कोणाला मेलेले ठरवण्यापूर्वी एकदा छतावर चढून पाहत जा.

त्या दिवसानंतर राहीबाईंना आदिलाबादला नेण्याची गोष्ट घरात कोणी काढली नाही. सुरेंद्रच दर शनिवारी गावी मुक्कामाला येऊ लागला.