सीतारामच्या हाताची जाहिरात

सीताराम परबचा डावा हात थरथरतो, हे प्रथम त्याला स्वतःला कळलं आणि मग त्याच्या मोबाइलला. बायकोला, शकुला, अजून कळायचं होतं. भजन मंडळाला तर कळूच द्यायचं नव्हतं.

कारण मंडळात पखवाज सीतारामचा होता. भांडुपच्या टेकडीवरचं हे मंडळ, समोरासमोर बसून एकमेकांना गाण्यातून चिमटे काढणाऱ्या डबलबारीत मातब्बर. शनिवारी घाटकोपरच्या मंडळाशी बारी ठरली होती. आणि सीतारामची करंगळी, कुणी आमंत्रण दिलेलं नसताना, आपणहून वाजायला लागली होती. पखवाजावरून उठवलेल्या माणसाचं पुढे काय होतं ते त्याने पाहिलं होतं. तो आधी झांजेवर बसतो आणि मग चहा सांगायला जातो.

म्हणून त्याने माणसांना न विचारता मोबाइलला विचारलं. मोबाइलने कारणं सांगितली. शेवटचं कारण वाचून सीतारामने मोबाइल पालथा ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून जाहिराती सुरू झाल्या. न सांडणारा चमचा. बुडाला जड असलेला कप. सीतारामने मुलीला, मनालीला, आडून विचारलं, "एखाद्याने आपल्या फोनवर काही बघितलं, तर ते दुसऱ्या यंत्राला कळतं का गं?"

"खातं एकच असेल तर कळणारच ना, बाबा. तुम्ही इथे खोकलात की तिथे कफ सिरप. कोणाचं झालंय असं?"

"आहे एक. ऑफिसातला."

"तुम्ही रिटायर झालात."

"त्याचे अजून फोन येतात," सीताराम म्हणाला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला.

मंडळाचा टॅब त्याच्याच खात्यावर चालत होता. टॅब घेतला तेव्हा अख्ख्या मंडळात स्वतःचा पासवर्ड आठवणारा तो एकटाच निघाला होता, आणि नारळ फोडून, चारचौघांत, मोठ्या अभिमानाने त्याने तो घातला होता. आता खातं काढलं तर साठवलेल्या चाली जाणार, आणि का काढलं ते सांगावं लागणार.

रात्रभर कूस बदलून त्याने सकाळी सेटिंग उघडलं. तिथे कुणीतरी फार अगत्याने लिहिलं होतं की तुमची खासगी माहिती आम्हाला मोलाची आहे, आणि खाली मोठ्ठं बटण होतं : 'सगळं मान्य'. इतक्या प्रेमाने विचारल्यावर नाही म्हणणं मालवणी माणसाला जड जातं. त्याने ते दाबलं.

मग त्याने यंत्राला चकवायचं ठरवलं. शेतीपंप शोधला. नऊवारी शोधली. शोभेचे मासे शोधले. यंत्राने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पंप, नऊवारी, मासे, चमचा असं पाळीपाळीने दाखवायला लागलं. नऊवारी बघून शकु दोन दिवस अबोल होती.

गुरुवारी सोसायटीच्या ऑफिसात तालीम होती. मंडळाचे गायक शिवदासबुवा नवी चाल ऐकवणार होते. झांजवाल्या प्रितमने टॅब लावला, आवाज फुल्ल. गाण्याआधी जाहिरातीतली बाई बोलली, "हात थरथरतात? आता लाज नको."

सीतारामने दोन्ही हात मांडीखाली घेतले.

"आयला, कोणाचे रे?" प्रितम म्हणाला.

"माझे," शिवदासबुवा म्हणाले. "मियाच सोदलंय. चाल लाव."

बुवांचे हात पेटीवर दगडासारखे स्थिर होते. एवढ्यात दुसरी जाहिरात आली : कानात घातलं तरी कुणाला दिसणार नाही असं ऐकण्याचं यंत्र.

हे सीतारामने शोधलं नव्हतं. पण दर रविवारी टॅब बुवांच्या घरी जात असे. गेल्या दोन तालमींत बुवा त्याच्याकडे टक लावून का बघत होते, तेही आता त्याच्या लक्षात आलं.

"आणि हे कोणाचं?" प्रितमने विचारलं.

"माझं," सीताराम म्हणाला. "हल्ली जरा कमी ऐकू येतं."

तालीम संपल्यावर दोघे जिन्यात थांबले. टॅब बुवांच्या काखेत होता.

"तुझ्या हाताचा माका गणपतीपासून म्हायत होता," बुवा म्हणाले. "ठेको आता ऐकाक येणा नाय, तुझी मान बघून धरतंय. तू उठलंस की मी पडलंय."

"डॉक्टरकडे जायला हवं, बुवा."

"काय?"

"डॉक्टर," सीताराम त्यांच्या कानात म्हणाला.

"बारी झाल्यार."

शनिवारपर्यंत मंडळाने माणुसकी दाखवली. बुवांना अर्धा कप चहा मिळू लागला आणि सीतारामशी सगळे ओरडून बोलू लागले. पखवाजावरून मात्र त्याला कुणी उठवलं नाही. प्रितमचं मत पडलं, की ताल हातात असतो, कानाचं काय अडतं?

घाटकोपरच्या मांडवात, पहिल्या गजराआधी, चाल बघायला बुवांनी टॅब उघडला. जिन्यातलं ते बोलणं टॅबने कसं ऐकलं देव जाणे. जाहिरात होती : ज्येष्ठ जोडप्यांसाठी संपूर्ण तपासणी, दोघे एकत्र आल्यास सवलत.

"जोडपा समाजलो की काय आमका?" बुवा पुटपुटले.

सीतारामने टॅब पालथा ठेवला. करंगळी थरथरत होती. त्याने मान हलवली, बुवांनी ती बघितली आणि सूर लावला.