एका बोटाची मोटार

दीपचंद शेठ आपली अमेरिकन मोटार एका करंगळीनं वळवायचे आणि उरलेली नऊ बोटं लोकांना ती करंगळी दाखवण्यात गुंतवायचे. अडुसष्ट-एकोणसत्तर सालचं जळगाव ते. बाकीच्यांना गाडी वळवायची तर खांदे निखळायची वेळ यायची. शेठनी मुंबईच्या एका लिलावातून ही होडीएवढी गाडी आणली होती. तिच्या स्टिअरिंगला तेलाच्या दाबाचा जोर होता. पंप तेल ढकलायचा, तेल चाकं वळवायचं आणि श्रेय शेठच्या करंगळीला मिळायचं.

धुळ्याच्या दलिचंदांनी राजकुंवरला सून म्हणून पसंत केलं तेही या करंगळीमुळेच, असं तिच्या बापाला, म्हणजे शेठना, मनोमन वाटे. पोरीचं लग्न आधी दोनदा ठरता ठरता मोडलं होतं. आता नवरदेवाला टिळा लावायला धुळ्याला जायचं होतं, आणि शेठ बोलून बसले होते, "तुमच्या गल्ली नंबर पाचमध्ये गाडी एका बोटानं वळवून दाखवतो." दलिचंद एवढंच म्हणाले होते, "पाहू." त्या 'पाहू'नं शेठची झोप उडाली, कारण नेमकी तेव्हाच मोटार गळायला लागली.

गाडीखाली तेलाचं थारोळं, वळताना पंपाचं कण्हणं, आणि स्टिअरिंग असं जड की करंगळीचं राहू द्या, दोन्ही हात लावूनही शेठ घामाघूम होत.

निंबा मिस्त्रीला बोलावलं. हा माणूस चुकायचाही छातीठोकपणे. बॉनेट उघडायच्या आधीच त्यानं निकाल दिला, "पंप गया, शेठ. बठ्ठं तेल तठूनच गळी ऱ्हायनं." पंपाचं सील बदललं, गळती होती तशीच. मग त्यानं दोष चाकं वळवणाऱ्या खालच्या सिलिंडरवर ढकलला. तोही खोलून झाला. पंखा तेल असं उडवी की आतलं सगळंच चोपडं दिसे. सुरुवात कुठून, ते कळायला मार्ग नव्हता. त्यातून ते खास तेल मुंबईहून यायला वेळ. शेठची तर स्वतःची तेलाची मिल. "माझ्या घरात तेलाचा दुष्काळ?" म्हणत त्यांनी शेंगदाण्याचं तेल ओतलं. मग गाडी निघाली की आळीभर भजी तळल्याचा वास सुटे.

टिळ्याच्या दिवशी सकाळी निंबानं बॉनेट उघडलं आणि तो ओरडलाच. आतलं सगळं त्यानं आदल्या संध्याकाळी पुसून लख्ख केलं होतं. आता भिंतीवरून, चाकावरून मुंग्यांची रांग वर चढली होती आणि पंपातून निघणाऱ्या रबरी नळीच्या लोखंडी टोकाशी येऊन गोळा झाली होती. तिथं बारीक चीर होती.

"आठे शे गळती! मी सांगं व्हतं ना?" निंबा म्हणाला. त्यानं हे कधीच सांगितलं नव्हतं.

कापसाच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसमधून दाब सोसणारी जाड नळी आणि त्या यंत्राचं तेल, दोन्ही लगेच मिळालं. जुनी नळी काढायची तेवढी बाकी होती. तेवढ्यात शेठच्या आई, मोहनबाई, बाहेर आल्या.

"हात लावू नका. जीव आहेत ते."

त्यांनी चाकापासून भिंतीपर्यंत साखरेची रेघ घातली. "जातील आपापल्या. जरा धीर धर," असं लेकाला सांगून त्या जैन स्थानकात सामायिकाला, म्हणजे घडीभराच्या ध्यानाला, गेल्या. मुंग्या उतरू लागल्या, म्हणजे एक उतरे आणि दोन नव्या वर चढत. मुहूर्त दुपारच्या आतला होता. धुळे काही पांझरेचा काठ सोडून जवळ सरकणार नव्हतं.

"पुसून टाक," शेठ हळूच म्हणाले.

"मी नही, बाप्पा! मोठ्या बाईले काय तोंड दाखाडू?"

मग शेठनीच रॉकेलचा बोळा घेतला, डोळे किलकिले केले आणि "मिच्छामि दुक्कडं, मिच्छामि दुक्कडं" अशी क्षमा मागत नळीवरून फिरवला. क्षमा मागण्याच्या भरात एकही मुंगी सुटू दिली नाही.

नवी नळी बसली. निंबानं इंजिन चालू करून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवलं. नळीचं टोक कोरडं ठणठणीत राहिलं. मोहनबाई परतल्या तेव्हा शेठ निघण्याच्या बेतात होते.

"गेल्या का रे सगळ्या?"

"गेल्या, बाई," शेठ म्हणाले. शब्दानं ते खोटं बोलले नव्हते.

गल्ली नंबर पाचमध्ये माणसं ओट्यांवर येऊन उभी राहिली होती. शेठनी करंगळी लावली आणि एवढं मोठं धूड गुमान वळलं. दलिचंद इतके खूश झाले की त्यांनी बॉनेटच उघडायला लावलं. "हा जोर येतो कुठून, पाहू तरी." आत, कडेच्या खाचेत, तेलात चिकटलेली एक काळी रांग होती. तिच्यातलं काहीच हलत नव्हतं.

दलिचंद पाणीसुद्धा दोनदा गाळून पिणारे. त्यांनी रांगेकडे पाहिलं, मग शेठकडे पाहिलं. पोरीचं तिसऱ्यांदा मोडलं, आणि या वेळी आपल्या हातानं, एवढंच त्यांना सुचत होतं. दलिचंदांनी बॉनेट बेतानं लावलं आणि त्यांना बाजूला घेतलं.

"मी कुठं बोलणार नाही. टिळा होऊ द्या. पोरीचा त्यात काय दोष?" मग बॉनेटवरून मायेनं हात फिरवत ते म्हणाले, "पण असलं पापाचं वाहन मुलीच्या बापानं परत घरी नेऊ नये. राहू द्या इथंच. पाप आम्ही सोसू."

आणि किल्ली त्यांनी आपल्या करंगळीत अडकवली.

शेठ एसटीनं जळगावला परतले. मोटार जावयाला हौसेनं दिली, असं त्यांनी आईला सांगितलं. मोहनबाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

"मोटार गेली तर जाऊ दे रे. मुंग्या तर वाचल्या ना? त्यांचंच पुण्य पोरीच्या कामी आलं."

शेठना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मोटारीच्या रिकाम्या जागी भिंतीलगत साखरेची ताजी रेघ घातलेली होती. मोहनबाई तिच्याकडे बघत म्हणाल्या, "पण तू गेल्यापासून एकही फिरकली नाही बघ. एवढ्या सगळ्या कुठं गेल्या असतील रे?"